नव्या फूटपाथचा नकाशा पाहताना

रस्तासुधारणेचा आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला झाला की सगळ्यांचं लक्ष आधी रुंदीकडे जातं. फूटपाथ तीन मीटर, सायकल ट्रॅक दोन मीटर, मग पार्किंग, मग गाड्या. पुणे महापालिकेने २०१६ साली रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं केली, जंगली महाराज रस्त्यावर रुंद फूटपाथ झाले, आणि आता अशा नकाशांची भाषा बऱ्याच जणांच्या ओळखीची झाली आहे. पण चालणाऱ्याची आणि व्हीलचेअरवाल्याची मुख्य अडचण रुंदीच्या चित्रात दिसतच नाही. ती बघायची तर रस्त्याच्या लांबीकडे बघावं लागतं. शंभर मीटरमध्ये फूटपाथ किती वेळा खाली उतरतो आणि किती वेळा परत चढतो, ते मोजा.

फूटपाथ उतरतो तो सोसायट्यांच्या गेटांपाशी. कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची १५० मिलिमीटर धरू. व्हीलचेअर स्वतःच्या हातांनी चढवायची तर उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे १५० मिलिमीटरला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. चार मीटरच्या गेटसाठी पूर्ण फूटपाथ खाली आणला तर दोन्हीकडचे उतार धरून ७.६ मीटर गेले. दर वीस मीटरला एक गेट असेल, तर एक तृतीयांशाहून जास्त फूटपाथ मूळ पातळीत उरतच नाही. प्रत्यक्षात ठेकेदार १.८ मीटरचा उतार अर्ध्या मीटरमध्ये उरकतो. मग गुडघे दुखणारी माणसं तो टाळून सरळ डांबरावरून चालतात.

उपाय साधा आहे. फूटपाथ गेटसमोरही त्याच पातळीत, त्याच फरशीत पुढे जाऊ द्यायचा आणि चढायचं काम गाडीला द्यायचं. रस्त्याकडेच्या पट्ट्यात, जिथे झाडं आणि दिव्याचे खांब असतात तिथे, ९०० मिलिमीटर लांबीचा उतार गाडीला पुरतो. कर्ब १०० मिलिमीटरचा ठेवला तर ६०० मिलिमीटरमध्येही भागतं. गेटसमोर पेव्हर ब्लॉक मात्र ८० मिलिमीटर जाडीचे आणि खाली काँक्रीटचा थर हवा. चालण्यापुरते ६० मिलिमीटरचे ब्लॉक तिथे घातले तर गाड्यांच्या वजनाने एक-दोन पावसाळ्यांत खचतात.

हे गेटाचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा आतल्या पातळीमुळे. वर्षानुवर्षं डांबरावर डांबर चढून रस्ता वर आला आहे आणि जुन्या इमारतींची आवारं खाली राहिली आहेत. फूटपाथ वर ठेवला की त्याचं पाणी आवारात शिरतं, रहिवासी ओरडतात आणि चार दिवसांत गेटापुरता फूटपाथ फोडला जातो. त्यांचं चुकतं असं म्हणता येत नाही. म्हणून नकाशावर प्रत्येक गेटाच्या आतली पातळी लिहिलेली हवी आणि नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढण्याची बाब निविदेत हवी. या दोन गोष्टी नसतील तर पहिली हरकत तीच घ्या.

गल्लीच्या तोंडाशीही हेच तत्त्व: फूटपाथच्या पातळीचा उंच क्रॉसिंग. तिथली हमखास चूक म्हणजे कर्बलगत वाहणारं पाणी त्या उंचवट्याला अडतं आणि नेमकं लोक उभे राहतात तिथे तळं साचतं. वाहत्या पाण्याच्या वरच्या अंगाला जाळीचं चेंबर दाखवलंय का, ते बघा.

आता रुंदी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. इथे ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. टेप डीपी बॉक्सपासून (विजेच्या पेटीपासून) भिंतीपर्यंत लावायची, कर्बपासून भिंतीपर्यंत नाही. आणि डीपीचं दार फूटपाथवर उघडत असेल तर तेही धरायचं. अंधांसाठीच्या पट्टीत लांब रेघा म्हणजे ‘चला’, ठिपके म्हणजे ‘थांबा’. ही पट्टी कित्येकदा थेट झाडाच्या आळ्यात किंवा खांबावर जाऊन संपते, कारण नकाशावर खांब एका कागदावर असतात आणि फरशी दुसऱ्या. दोन्ही एकत्र मागा.

बोलार्डबद्दल, म्हणजे गाड्या अडवायला फूटपाथवर लावतात त्या खुंटांबद्दल, गैरसमज फार. व्हीलचेअरला ९०० मिलिमीटर तरी फट लागते आणि स्कूटर साधारण ७०० मिलिमीटर रुंद असते. म्हणजे स्कूटर अडवणारा बोलार्ड व्हीलचेअरही अडवणारच. ९०० ते १२०० मिलिमीटरच्या फटीने चारचाकी आणि रिक्षा अडतात, तेवढ्यासाठीच ते बसवावेत. दुचाकींसाठी दंडच हवा.

सायकल ट्रॅक डांबरी किंवा काँक्रीटचा असावा. पेव्हर ब्लॉकवर हात बधिर होतात आणि सायकलवाले परत रस्त्यावर येतात. तो बसथांब्याच्या मागून न्यावा. जाळ्यांच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेला आडव्या असाव्यात. उभ्या असल्या तर बारीक टायर फटीत अडकतो. रस्त्यामधल्या दुभाजकात थांबायची जागा दोन मीटर खोल असावी, कारण सायकल जवळजवळ १.८ मीटर लांब असते. सिग्नलची वेळही तपासा: १८ मीटरचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस १५ सेकंदांत ओलांडतो, ०.९ मीटर चालणाऱ्या आजीला २० लागतात.

हरकत लिहिताना ‘फूटपाथ नीट करा’ असं मोघम लिहू नका, त्यावर उत्तरही मोघमच येतं. नकाशावरचा साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), बाजू, सध्याचं माप आणि हवं ते माप लिहा. सोबत मोबाइलवर काढलेला, टेप लावलेला फोटो जोडा. आणि एक मागणी सगळ्यांनी मिळून करा: पूर्ण रस्ता खोदण्याआधी वीस मीटरचा नमुना तुकडा करावा, ज्यात एक गेट, एक गल्ली आणि एक चेंबर येईल. त्यावर चार बादल्या पाणी ओतून ते कुठे जातं ते बघायचं आणि एक व्हीलचेअर या टोकापासून त्या टोकापर्यंत, मागून कुणी न ढकलता, नेऊन बघायची. चेंबरचं झाकण वीस मिलिमीटर जरी वर आलं असेल, तरी पुढची छोटी चाकं तिथेच अडतील आणि उरलेली झाकणं बसण्याआधी ते दुरुस्त करता येईल.