एका नाण्यापायी शंभर नाणी

आजीच्या पितळी डब्यात राजवटी ओळीने बसल्या आहेत. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांचा बसलेल्या नंदीचा पाव आणा, सहाव्या जॉर्जचा रुपया, मग राजाचं डोकं जाऊन सारनाथचे सिंह आलेला १९५० चा, आणि १९९७ चे दांडीयात्रेवाले पन्नास पैसे. भाच्याचा हट्ट, की ६ जून २०२२ ला निघालेली स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवाची पाचही नाणी त्यात पडलीच पाहिजेत. एक, दोन, पाच बाजारात आपोआप जमले. राहिले दहा आणि वीस.

राजवाड्याकडच्या एका बँकेत विचारलं. "वीस का नहीं है. दस का पूरा पाउच लेना पड़ेगा." शंभर नाणी, हजार रुपये. घेतलं. घरी पाउच परातीत ओतला, तर महोत्सवाची अकरा निघाली. ती बाजूला काढली आणि उरलेली ८९ घेऊन बाजारात गेलो.

इथून खरी कथा. भाजीवाली घेईना, किराणावाला घेईना, रिक्षावाला तर हसलाच. "भिया, दस का सिक्का नहीं चलता." दहाच्या नाण्याचे चौदाही प्रकार चालतात हे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच जाहीर केलंय. त्यांच्या १४४४० या नंबरवर फोन लावला, तो कट झाला आणि उलट फोन येऊन हेच ऐकवलं. मी एकाला स्पीकरवर ऐकवलं. त्याने पूर्ण ऐकलं, मान डोलावली आणि नोटच मागितली.

मग त्याच बँकेत भरायला गेलो. काउंटरवरचे साहेब म्हणाले, हजाराच्या वर नाणी घेता येत नाहीत. माझे होते ८९०. तसाही २०११ च्या नाणे कायद्यातला हजाराचा आकडा एकमेकांच्या देण्याघेण्यासाठी आहे. बँकेत भरायला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेलीच नाही. हे सांगितल्यावर आवाज खाली आला, पण काम पुढे सरकलं नाही. "मोजायला माणूस नाही, उद्या या." उद्या गेलो. "शंभराचा पाउच करून आणा, सुटी नाही घेणार." शंभराच्या पुड्या कराव्यात ही सोयीसाठी केलेली सूचना, ती यांनी अटच करून टाकली. आणि माझ्याकडे ८९! ज्यांनी शंभर दिली तेच आता शंभर मागत होते. रागाने कान तापले.

शेवटी महोत्सवाच्या अकरातलं एक भाच्यासाठी ठेवलं, दहा परत टाकली. ९९. (ठेवण्याआधी सालाजवळचं टांकसाळीचं चिन्ह बघा: हिरा मुंबई, तारा हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मी हे नंतर शिकलो, तोवर दहाही गेली होती.)

शंभरावं नाणं कुठून आणायचं? बँकेसमोरच्या चहावाल्याला विचारलं. त्याने गल्ल्याखालून बिस्किटांचा जुना डबा काढला, काठोकाठ दहाच्या नाण्यांनी भरलेला. "जितने चाहिए ले जाओ, कोई लेता नहीं." मी एक उचललं. त्यांच्यात एक बारा कडांचं अडकलेलं दिसलं. वीसचं, अमृत महोत्सवाचं! तीस रुपये देऊन दोन्ही घेतली, वर चहाही प्यायलो. तुम्ही शोधत असाल तर बँकेआधी असा एखादा डबा धुंडाळा.

त्याच पावली आत जाऊन पुडी ठेवली. साहेबांनी ती हातावर तोलली, मोजली नाही, आणि खाली टाकून शिक्का मारला.