शेड : महिनाभर एकाच शब्दाच्या मागे

दर महिन्याला एक इंग्रजी शब्द घेऊन त्याचे अर्थ वहीत गोळा करतो, या महिन्याचा शब्द शेड (shed). गेल्या वेळी सेट (set) घेतला होता आणि हात टेकले, ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत त्या एका क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत, ते काय महिन्यात उरकायचं काम नव्हे. म्हणून यावेळी छोटा शब्द, आणि आपल्या सोलापुरात रोज तोंडात असलेला. पूर्व भागात वाढलेल्या पोराला शेड म्हणजे पत्र्याचं शेड, आत माग आणि त्यांचा खडखडाट, मलाही इतकी वर्षं तेवढंच माहीत होतं.

पहिला आठवडा नुसता वेचण्यात गेला. शब्द दिसला की पूर्ण वाक्य वहीत उतरवायचं, अर्थ लगेच लिहायचा नाही, हा माझा नियम, कारण अर्थ लिहिला की डोकं बंद होतं. झाड पानं शेड करतं, साप कात, कुत्रं केस, माणूस अश्रू आणि वजन, कंपनी नोकऱ्या, आणि ट्रकमधला माल रस्त्यात सांडला तरी ट्रकने लोड शेड केला म्हणतात. रेनकोटचं कापड पाणी शेड करतं म्हणजे पाणी धरत नाही, थेंब वरूनच ओघळून जातो. मग शेजारच्या रकान्यात मराठी लिहायला बसलो तर पानं झडतात, अश्रू ढाळतो, रक्त सांडतो, वजन उतरवतो, प्रत्येकाला क्रियापद वेगळं. फक्त कात टाकणे आणि प्रकाश टाकणे इथे आपल्यालाही एकच पुरतं, आणि इंग्रजीतही या दोन्हीला शेडच, हे बघून मी त्या पानावर मोठी चांदणी काढली.

भूतकाळाला रूप बदलत नाही, शेड-शेड-शेड, मी दोन ठिकाणी शेडेड लिहून ठेवलं होतं ते खोडलं.

दुसऱ्या आठवड्यात कामावर चूक झाली आणि त्यातून जास्त शिकलो. टेरी टॉवेलच्या एका ऑर्डरबद्दल मेल लिहिताना मी लिहिलं की आमचा टॉवेल रंग शेड करत नाही. समोरून विचारणा आली की तुम्ही रंगाबद्दल बोलताय की लिंटबद्दल. झालं असं की नवा टॉवेल पहिल्या एकदोन धुण्यांत बारीक तंतू सोडतो, त्याला शेड म्हणतात, रंग गेला तर त्याला ब्लीड किंवा रन. आपण मराठीत तंतू सोडतो, रंग सोडतो, दोन्हीला सोडणेच म्हणतो ना, तिथे पाय घसरला. माझा अंदाज असा की सुटून आलेला तंतू वेगळा उचलून दाखवता येतो, रंग पाण्यात मिसळून जातो, म्हणून शब्द वेगळे पडले असावेत.

आणि आपल्या लाईनीत अजून एक घोळ आहे, शेड कार्ड. ते शेड (shade) म्हणजे रंगछटा, सावलीही, इंग्रजीत स्पेलिंग वेगळं आणि उच्चारही वेगळा, पण देवनागरीत दोन्ही शेडच लिहितो. गंमत म्हणजे इमारतीचं जे शेड आहे ते त्या सावलीवाल्या शब्दाचंच बदललेलं रूप असावं असं मानतात, पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून ते दिसतं. म्हणजे तिकडे फुटून दोन झालेले शब्द आपण परत एकत्र लिहितोय. गळण्या-टाकण्याचं क्रियापद मात्र वेगळ्या घराण्यातलं.

त्याचं मूळ कळायच्या आधी अण्णांनी मला अर्धं उत्तर दिलं होतं. अण्णा तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघायचे. वही बघून म्हणाले, "अरे, मागात पण शेड असतंय की. ताण्याचं अर्धं सूत वर गेलं, अर्धं खाली, मधी जी फट पडते त्यातनं धोटा जातोय, त्यालाच शेड म्हणतेत." आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालून, एक आड एक वर उचलून दाखवली, मधून पेन सारलं. ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे, आणि धोटा म्हणजे बाण्याचं सूत आरपार नेणारं साधन. टेक्स्टाइल डिप्लोमाची पोरं शेडिंग, पिकिंग, बीटिंग असं पाठ करतात ते हेच, फट पाडणं, बाणा टाकणं, फणीने ठोकणं. मला मोठा प्रश्न पडला की अश्रू गाळण्याचा आणि या फटीचा संबंध काय. दोन दिवस तो प्रश्न घेऊनच फिरत होतो.

तो सुटला मेंढ्यांच्या व्हिडिओत. ब्रिटनमध्ये मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या स्पर्धा होतात, त्यात एका टप्प्याचं नावच शेड. मेंढपाळ कळपात जराशी फट पाडतो, कुत्रा हाकेसरशी त्या फटीत घुसतो आणि ठरलेल्या मेंढ्या बाकीच्यांपासून तोडून बाजूला काढतो. मी तो तुकडा पाचसहा वेळा बघितला. मग मूळ शोधलं तर जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थच वेगळं करणे, विभागणे, जर्मनमधला शायडेन त्याचा भाऊबंद. स्कॉटलंडकडे केसांच्या भांगालाही शेड म्हणतात! सूत वरखाली वेगळं, मेंढ्या वेगळ्या, केस दोन बाजूंना, पान फांदीपासून वेगळं, कात अंगापासून वेगळी. वहीतली सगळी वाक्यं परत वाचत गेलो आणि एकेक जागेवर बसत गेलं, इतका आनंद मला सेटने महिनाभरात दिला नव्हता.

वॉटरशेड पण यातलंच, पाणी वेगळं करणारी रेघ. बालाघाटच्या डोंगराच्या एका अंगाचा पाऊस गोदावरीकडे जातो, दुसऱ्या अंगाचा सीना-भीमेतून कृष्णेला, ती धार म्हणजे वॉटरशेड, आपला भूगोलातला जलविभाजक. अमेरिकेत मात्र रेघ नाही, अख्ख्या पाणलोट क्षेत्राला वॉटरशेड म्हणतात, आपल्याकडच्या सरकारी योजनांतही तोच अर्थ आलाय. ब्रिटनमध्ये टीव्हीवर रात्री ९ च्या आधी मोठ्यांचे कार्यक्रम लावत नाहीत, त्या वेळेलाही वॉटरशेड.

राहता राहिलं लोडशेडिंग. विजेची मागणी पुरवठ्याच्या वर गेली की सगळी ग्रिड बसू नये म्हणून काही भागाचा लोड तोडून टाकतात. मराठीत भारनियमन केलं, पण नियमनात तोडण्याचा भाव कुठेच नाही, मला लोडशेडिंगच खरं वाटतं. अण्णा सांगतात, लाईट गेली की माग दमत दमत थांबायचा, धोटा अर्ध्या वाटेत सुतात अडकायचा आणि मग तुटलेले धागे एकेक जोडत बसायचं. म्हणजे लोडशेडिंगमुळे शेडमधल्या मागाच्या शेडमध्ये धोटा अडकला, हे एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

पुढच्या महिन्यात पिक घेतोय. मागावर बाण्याच्या एकेका धाग्याला पिक म्हणतात आणि विणाईचा दर इंचातल्या पिकावर ठरतो, अण्णांकडून तिथूनच सुरुवात करणार.