मेन पाडला, तरी टेस्टर पेटला

आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या जवळ. आईची खोली मागच्या बाजूला आहे आणि पावसाळ्यात लाईट गेली की तिथं फॅन बंद, कारण इन्व्हर्टरची लाईन तिकडं कधी काढलीच नव्हती. इन्व्हर्टर पॅसेजमध्ये, त्याच्या वरच डीबी, म्हणजे घरातल्या सगळ्या लाईनींच्या स्विचांची पेटी, आणि त्याच भिंतीच्या पलीकडं आईचा पलंग. मधे नऊ इंची विटांची भिंत, दोन्हीकडचा गिलावा धरून दहा इंच सहज. एक भोक पाडलं की काम झालं, असं वाटत होतं.

दादा म्हणाला बॅटरीच आईच्या खोलीत ठेवू आणि तिच्या जाड वायरी भिंतीतनं घेऊ. ते मी ठामपणे नको म्हटलं. ६०० वॅटचा लोड असेल तर २३० व्होल्टला अडीच-पावणेतीन अँपिअर लागतात, पण १२ व्होल्टच्या बॅटरीतनं तेवढ्याच लोडला ५० अँपिअर ओढले जातात, इन्व्हर्टर स्वतः खातो ते वेगळंच. म्हणून बॅटरीची वायर जाड आणि होईल तेवढी आखूड ठेवायची. शिवाय ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, झोपायच्या बंद खोलीत ती नकोच. भिंतीतनं जाणार ती फक्त २३० व्होल्टची लाईन, पाऊण इंची पीव्हीसी पाईपमधनं.

आता भोक कुठं पाडायचं? सगळे सांगतात की वायर बोर्डापासनं सरळ वर जाते, तेवढी पट्टी सोडून कुठंही मारा. पण आमच्या घरात हे चालत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात आलं तेव्हा सगळे बोर्ड खाली होते, नंतर वायरमनकाकांनी ते छातीएवढ्या उंचीवर घेतले आणि जुने पाईप भिंतीतच राहिले, काही रिकामे, काहींतनं अजून वायर जाते. त्यामुळं बोर्ड कुठं आहे ते बघून या भिंतीत काय आहे ते कळत नाही. मग मेन पाडून जवळच्या बोर्डाची प्लेट उघडली तर एक पाईप वर गेलेला आणि दुसरा चक्क आडवा, बरोबर मी जिथं पेन्सिलनं फुली मारली होती तिकडं.

आणि त्याच बोर्डात टेस्टर लावला तर पेटला. मेन पाडलेला, दादा मेनजवळ उभा, तरी फेज जिवंत! काकांना फोन केला तर पहिलाच प्रश्न, "ताई, इन्व्हर्टर बंद केलाय काय? मेन गेला की तो सुरू होणारच की." तोपर्यंत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण मेन पाडतो तेव्हा इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो त्याचं काम चोख करतो. त्या आडव्या पाईपमध्ये ड्रिलचं बिट घुसलं असतं तर काय झालं असतं हे मला आजही नीट बोलवत नाही.

मग इन्व्हर्टर बंद केला, बॅटरी सोडवून ट्रॉलीसकट लांब नेली. टेस्टर आधी शेजारच्या काकूंच्या चालू सॉकेटमध्ये लावून बघितला, तो पेटतोय याची खात्री केली आणि मगच आपल्या बोर्डात लावला. वर होल्डर-बल्ब जोडूनही बघितलं, कारण टेस्टर कधी नुसत्या चोरट्या व्होल्टेजवरही मिणमिणतो आणि कधी करंट असून पेटत नाही. आता सगळं घर बंद म्हटल्यावर ड्रिल कशावर चालवायचं? काकूंच्या मीटरवरनं एक्स्टेन्शन आणलं.

फुली वीतभर वर सरकवली. डीबीवर प्लास्टिक लावून कडेनं टेप मारला, कारण विटेची पूड फार बारीक असते आणि आतल्या एमसीबी स्विचांत जाऊन बसते. आधी लांब ६ एमएमचं बिट, त्यावर नऊ इंचाला टेप गुंडाळलेला, तिथं पोचलं की हॅमर बंद करून हळू, नाहीतर पलीकडं गिलाव्याचा ढपला निघतो. दादा आईच्या खोलीत प्लाय दाबून उभा. मोठं बिट मग दोन्हीकडनं अर्धं अर्धं मारलं.

पूड बघत राहा, हे काकांनीच सांगितलेलं. लाल आली तर वीट, राखाडी आली तर दर्ज, म्हणजे दोन विटांमधला सिमेंटचा सांधा, तिथं बिट सरकतं म्हणून जोर कमी करायचा. प्लास्टिकची कात्रणं दिसली की तिथंच थांबायचं. आमच्याकडं लाल, मग राखाडी, मग परत लाल, बाकी काही नाही.

जोडणी काकांनी येऊन केली, त्यात मी हात घातला नाही. त्यांनी अजून एक दाखवलं, आमचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच) इन्व्हर्टरच्या आधी बसलाय, म्हणजे लाईट गेल्यावर इन्व्हर्टरच्या पुढं कुणाला शॉक लागला तर तो पडेलच असं नाही. पुढच्या बाजूला वेगळा ३० मिलिअँपिअरचा बसवायचाय, गुरुवारी येतो म्हणालेत. तोवर डीबीच्या झाकणाला आतनं कागद चिकटवलाय, आडव्या पाईपचं चित्र, फरशीपासनंची उंची आणि वर मोठ्या अक्षरात, "आधी इन्व्हर्टर बंद करा".