आमची वाटचाल: मापाने आणि वजनाने

अमेरिकेत ओहायो आणि इंडियानाच्या सीमेजवळ आमचं छोटं मशीन शॉप आहे. इथे आम्ही बंदुकीची पावडर मोजायची पितळी मापं बनवतो. मराठी माणसाने हे ऐकलं की पहिला प्रश्न ठरलेला: हे कायद्यात बसतं का? बसतं. झाडलेल्या गोळीची रिकामी पितळी केस, म्हणजे काडतुसाचं कवच, साफ करायची, तिला नवा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवायचा, पावडर भरायची, वर शिशाची गोळी दाबायची, याला इथे रीलोडिंग म्हणतात. स्वतःच्या वापरासाठी घरी हे करायला केंद्रीय कायद्याने परवाना लागत नाही. विकायला काडतुसं बनवायची असतील तर लागतो. आम्ही काडतुसं बनवत नाही, पावडरही विकत नाही. आम्ही फक्त मापं करतो, आणि ती चोख असावीत यासाठी जीव ओततो.

माझा हात बसला तो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथवर. पुढे नोकरीने ओहायोत आणलं. तिथल्या एका सहकाऱ्याला जुन्या पद्धतीच्या, नळीच्या तोंडातून ठासायच्या बंदुकांचा नाद होता. तो मला इंडियानातल्या फ्रेंडशिप या खेड्यात घेऊन गेला. 1933 साली स्थापन झालेल्या नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं मैदान तिथे आहे आणि राष्ट्रीय स्पर्धाही तिथेच भरतात. त्या दिवशी मी नेमबाजी कमी आणि लोकांचे हातच जास्त पाहिले. पावडर ठेवायच्या शिंगातली काळी पावडर, म्हणजे जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू, कोणीही सरळ नळीत ओतत नव्हतं. आधी छोट्या मापात, मग मापातून नळीत. आधीच्या बाराची एखादी ठिणगी नळीत धुमसत राहिलेली असू शकते. मापातून ओतताना ती लागली तर एका बाराची पावडर पेटेल, पण शिंगातून ओतत असाल तर हातातलं अख्खं शिंग उडेल. म्हणून माप वेगळं ठेवायचं, ते एकाच बाराचं असायचं आणि पितळेचं असायचं, कारण लोखंडासारख्या ठिणग्या पितळ पाडत नाही.

धंदा सुरू झाला तो त्या सहकाऱ्याने मागितलेल्या एका मापापासून. तळघरात सेकंडहँड लेथ होतं. आधी ठरावीक आकाराची मापं केली, मग आतली दांडी वरखाली सरकवून कमीजास्त करता येणारी. हिशेब आणि तपासणी सुरुवातीपासून आमच्या सौ.कडे. मापाच्या आतल्या भोकात धातूची बारीक कड राहिली तर कण अडकतात, तळ नीट सपाट कापला गेला नसेल तर घनफळ चुकतं. तिच्या नजरेतून न गेलेलं माप आजही डब्यात जात नाही.

काळ्या पावडरीचा व्यवहार मापाचाच आहे. मापावर ग्रेनच्या खुणा असतात. ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, एका पौंडात 7000. पण त्या खुणा वजन दाखवत नाहीत, त्या घनफळाच्या असतात. 1970 च्या दशकात काळ्या पावडरीला पर्याय म्हणून पायरोडेक्स ही पावडर बाजारात आली ती हाच व्यवहार धरून. ती वजनाला काळ्या पावडरीपेक्षा बरीच हलकी आहे, पण तेवढ्याच मापात साधारण तेवढंच काम करते. इथे जो ‘मी काटेकोर’ म्हणून तराजू काढेल आणि शंभर ग्रेन वजन करून भरेल, तो गरजेपेक्षा खूप जास्त पावडर ठासेल. तेव्हा इथे मापच खरं.

रीलोडिंगवाले गिऱ्हाईक यायला लागले आणि चित्र उलटं झालं. आधुनिक काडतुसात बिनधुराची पावडर असते, आणि ती चुकूनही काळ्या पावडरीच्या मापाने मोजायची नाही, काळ्या पावडरीच्या बंदुकीत तर घालायचीच नाही. तिचा दाब काही वेगळाच. तिथे किती पावडर भरायची याची कोष्टकं वजनात असतात. तरीही घरी माणूस मापच वापरतो, कारण शंभर केसा एकेक तोलून भरायच्या तर संध्याकाळ जाते. ली प्रिसिजन या कंपनीची सीसीमधली (घन सेंटीमीटरमधली) मापं इथे घराघरात आहेत. 1958 पासूनचं विस्कॉन्सिनचं हे नाव. आम्ही त्या बाजारात उतरलो ते रोटरचं यंत्र घेऊन: वर पावडरीची नळी, खाली फिरणारा गोल दांडा, म्हणजे रोटर, त्यात खोबण. हँडल वर केलं की खोबण भरते, खाली आणलं की केसमध्ये रिकामी होते.

हे यंत्र हातावर चालतं, आणि ते शिकवण्यात आमचा अर्धा वेळ जातो. इचलकरंजीच्या आमच्या घरी पायलीने धान्य मोजताना शीग कशी लावायची यावरून भांडणं होत. शेवटी एकाच माणसाने सगळं मोजायचं, असा तोडगा निघे. पावडरीचंही तसंच. हँडल दर वेळी त्याच वेगाने, वर एक हलका ठोका, खाली एक. ठोके बदलले की कण दाटून बसतात आणि वजन वाढतं. वरची नळी अर्ध्याखाली गेली की वरचं ओझं कमी होतं आणि भरण बदलते. म्हणून आम्ही आत आडवा पडदा घालतो, तरी नळी भरती ठेवा असं सांगतो. गोल दाण्यांची पावडर पाण्यासारखी वाहते, दशांश ग्रेनच्या आसपास फरक पडतो. लांब काड्यांची पावडर खोबणीच्या कडेवर अडते, हँडलला कचकन झटका बसतो, काडी तुटते, आणि ती भरण आम्ही सरळ डब्यात परत टाकायला लावतो. तरी बेंचरेस्टचे, म्हणजे टेबलावर बंदूक टेकवून नेम धरणारे, नेमबाज स्पर्धेत मापानेच भरतात आणि गोळ्या एकमेकींना चिकटून लावतात. पावडर योग्य निवडली आणि हात बसला की मापात काही कमी नाही.

यातून आमचा नियम तयार झाला: रोटरचं यंत्र तराजूशिवाय विकायचं नाही. स्वतःचा चांगला तराजू आहे असं सांगणाऱ्याला आम्ही फक्त तपासणीची वजनं देतो. कुठलीही नवी बाटली उघडली की पुन्हा तोलायचं, कारण एकाच नावाच्या पावडरीचा लॉट बदलला की घनताही थोडी बदलते. म्हणूनच आमच्या मापावर पावडरीचं नाव किंवा ग्रेनचा आकडा आम्ही कोरत नाही. फक्त सीसी. एका मोठ्या घाऊक व्यापाऱ्याने नावांसकट तक्ता छापून हवा म्हणून आग्रह धरला. ऑर्डर मोठी होती, आम्ही सोडली.

सगळ्यात जास्त बोलतो ते दुहेरी भरणीबद्दल. .45 कोल्ट या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची केस 1873 च्या सुमाराची, मूळ 40 ग्रेन काळ्या पावडरीसाठी बेतलेली. आजची जलद जळणारी पावडर तिच्या तळाशी नुसती पसरते. लक्ष विचलित होऊन हँडल दोनदा ओढलं तर दुप्पट पावडर आरामात मावते, काही सांडत नाही, आणि बंदूक फुटते. उपाय आहे तो डोळ्यांचा: भरलेल्या केसा ठोकळ्यात ओळीने उभ्या करायच्या, टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकवायचं, मगच गोळी बसवायची. आम्ही लाकडी ठोकळा यंत्राबरोबर फुकट देतो.

2020 आणि 2021 मध्ये पावडर आणि प्रायमर दुकानांतून गायबच झाले; 2021 मध्येच लुइझियानातल्या मिंडेनचा काळ्या पावडरीचा कारखाना बंद होणार असं जाहीर झालं, 2022 मध्ये तो नव्या मालकाकडे गेला. पावडर नाही तर माप कोण घेणार? त्या काळात दुरुस्तीवर आणि शेजारच्या कारखान्यांच्या जॉबवर्कवर घर चाललं. कामगार एकही कमी केला नाही, याचं समाधान आहे.

सध्या लांब काड्यांसाठी खोबणीची कड गोलसर केलेला रोटर चाचणीत आहे. काडी तुटण्याचं प्रमाण कमी झालंय, पण भरण अजून मनासारखी सारखी येत नाही, म्हणून विक्रीला ठेवलेला नाही. फ्रेंडशिपच्या स्पर्धांना आमचा ठेला असतो. कोणी मराठी माणूस तिकडे आला तर माप हातात घेऊन बघावं, चहा आमच्याकडून.