आत्याचा चेहरा धूसर का?

दरवर्षी आत्याच्या श्राद्धाला तिचा जात्यावर ओव्या गातानाचा तो व्हिडिओ लागतो आणि जेवणं आटोपताना कुणीतरी विचारतंच: "कॅमेरा चांगला होता ना तुझ्याकडे? मग पुढे ते नळकांडं कशाला लावलंस?" इतकी वर्षं हसून टाळलं. पुन्हा तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

कॅमेरा चांगला होता, तिथंच तर घोडं पेंड खात होतं. माझ्या कॅनन एचव्ही २० या टेपवाल्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चकती, करंगळीच्या नखाहून लहान. त्यामुळे समोरच्या माणसापासून मागच्या कॅलेंडरातल्या तारखांपर्यंत सगळं सारखंच स्पष्ट. लग्नाची कॅसेट! मला सिनेमातल्यासारखा मागच्या पसाऱ्यातून सुटून आलेला चेहरा हवा होता. त्यासाठी ते नळकांडं, म्हणजे अडॅप्टर. त्यात फोटोच्या कॅमेऱ्याची लेन्स एका दुधी काचेवर ३६ बाय २४ मिलिमीटरचं चित्र पाडते आणि आपला कॅमेरा त्या काचेचं चित्रण करतो. काचेचे कण दिसू नयेत म्हणून मोटर ती सतत थरथरवते. जुगाड म्हणा खुशाल. फिल्म कॅमेऱ्याचं भाडं विचारून परत आलेल्या पोराला मात्र तो जुगाड वाटत नव्हता.

मे २००८. आत्याचं माजघर, एका खिडकीचा उजेड. अडॅप्टरनं त्यातलाही निम्मा खाल्ला. लेन्स निकॉनची जुनी ५० मिलिमीटर, एफ १.४ वर पूर्ण उघडी. लेन्सचं छिद्र लहान करावं तर अंधार, शिवाय काचेचे कण दिसू लागणार. दीड मीटरवर बसलेल्या आत्यासाठी फोकसची जागा उरली जेमतेम सात-आठ सेंटिमीटर. हे गणित मला येत होतं. येत नव्हतं ते जातं.

जात्यावर बसलेली बाई स्थिर नसते हो! खुंटा पुढे गेला की अख्खी पुढे, मागे आला की मागे. प्रत्येक फेऱ्यात वीतभर. आत्यानं ओवी धरली, विठ्ठलाची, मग माहेराची, मग भावाची, म्हणजे माझ्या वडिलांची, आणि मी फोकसची रिंग फिरवत तिच्यामागे धावत होतो, कायम एक ठेका उशिरा. अडॅप्टरमुळे कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर चित्र उलटं, आत्या तुळईला टांगल्यासारखी. मध्येच थांबून तिनं विचारलं, "तोंड दिसतंय न्हवं रं?"

"मस्त दिसतंय," म्हणालो.

तेव्हाच नळकांडं काढायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम. पण पहिल्या पाच मिनिटांत एकदा तिचे डोळे नेमके फोकसमध्ये आले होते, मागची भिंत विरघळली होती, आणि तसं पुन्हा मिळेल या आशेवर तासाची टेप संपवली. नंतर एकदा मित्रांना सांगितलंही, की धूसरपणा मुद्दामच ठेवलाय, आठवणीसारखा. साफ खोटं.

दिवाळीत पुन्हा करू, असं ठरलं होतं. आत्यानं दसराही पाहिला नाही. त्याच सप्टेंबरात कॅननचा ५डी मार्क २ जाहीर झाला, फोटोच्या कॅमेऱ्यातच मोठ्या सेन्सरचा व्हिडिओ. नळकांड्याची गरजच संपली. चार महिने थांबलो असतो तर, असं धाकटा म्हणतो. तेवढे पैसे कुठून आणले असते, हे तो सांगत नाही.

आणि साधा कॅमेरा लावला असता तर? चेहरा दिसला असता. कॅलेंडरही दिसलं असतं. हे वाक्य लिहितानाच कळतंय की कॅलेंडर दिसायला कुणाचीच हरकत नव्हती, माझ्याशिवाय. तरी ते डोळे फोकसमध्ये आलेले नऊ सेकंद मी कुणाला कापू देणार नाही.

ओव्यांमागे ऐकू येणारी घरघर सगळी जात्याची नाही. तिच्यात ती मोटरही आहे.