सासूबाईंना बाहेर बसवल्यावर

जत तालुक्यातून सांगलीला पाठवलेलं ते बाळ रात्री अकराला आमच्याकडं पोचलं. पाठीवर मणक्याची गाठ उघडी, तिच्यावर सलाइननं भिजवलेलं गॉज. टाळू दुभंगलेली, लघवीची जागा खाली सरकलेली, डाव्या हाताला अंगठाच नाही.

सासूबाईंचं निदान तयार होतं. "गिरान पाळलं न्हाई हिनं. इळीवर भाजी चिरत बसली हुती." ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे मी तिथंच सांगितलं. पण मग कशानं झालं?

एकाच बाळात इतकी व्यंगं दिसली की डोक्यात विचार सुरू होतात. १३ किंवा १८ नंबरचं गुणसूत्र जास्तीचं आहे का? आईला आधीपासून मधुमेह? पहिल्या तीन महिन्यांत रुबेला? आमच्या भागात मामाच्या मुलीशी लग्नं होतात, तेही विचारलं. सगळ्याला नकार. "काही गोळ्या चालू होत्या?" "न्हाई," सुनेच्या आधी सासूच बोलली.

दुसऱ्या दिवशी दूध काढायला शिकवायच्या निमित्तानं सिस्टरनी सासूबाईंना बाहेर बसवलं. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती बराच वेळ दुपट्याची कड बोटाला गुंडाळत राहिली. मग पिशवीतून पावडरचा डबा काढला. आत व्हॅल्प्रोएटची स्ट्रिप, तीन गोळ्या उरलेल्या.

"नववीपासनं फिट येत्यात. सासरी ठाव न्हाई. लगीन मोडलं असतं."

गरोदरपणात ही गोळी चालू असली तर साधारण दहातल्या एका बाळात मोठं व्यंग आढळतं, आणि या बाळाची लक्षणं तिच्याशी जुळत होती. बाळाचा मेंदू आणि मणक्यातली मज्जा जिच्यातून बनते ती नळी, म्हणजे मज्जानलिका, गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत मिटायला हवी. तिला दिवस गेल्याचं कळेपर्यंत ती वेळ टळली होती.

"मग टाकूनच देते," म्हणत तिनं स्ट्रिप मुठीत चुरगाळली. मी तिचा हात धरला. फिटची गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेततं. दिवस राहण्याआधी औषध बदलता आलं असतं, फॉलिक ॲसिड सुरू करता आलं असतं. इतकी वर्षं गोळी लिहून देणाऱ्या एकानंही तिला हे सांगितलं नव्हतं, याचा मला आजही संताप येतो.

सासूबाईंना मी गोळीचं सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं होतं.

गुणसूत्रांचा रिपोर्ट पुढं नॉर्मल आला. तोवर बाळाच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि तिनं नवऱ्याला स्वतःच सगळं सांगून टाकलं होतं. मेंदूविकारतज्ज्ञाकडं तिला तोच घेऊन गेला.