मनातला टोमणा आणि त्यातली कामाची अर्धी ओळ

‘तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही.’ ‘एवढं साधंसुद्धा जमत नाही?’ ‘बाकीचे कुठल्या कुठे गेले, तू बस इथेच.’ असं कुणी तोंडावर बोललं तर आपण त्या माणसाशी बोलणं टाकू. मनातल्या मनात मात्र हीच वाक्यं दिवसातून कितीदा तरी ऐकून घेतो आणि वर मान्यही करतो. पुण्याच्या नवी पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीच्या कंबाइनची पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकलेला मुलगा, हिंजवडीहून परतताना बसमध्ये मीटिंगमधलं स्वतःचंच एक वाक्य उगाळत बसलेली मुलगी, पाहुणे पोटभर जेवून गेले तरी ‘आमटी बिघडलीच होती’ म्हणणारी घरातली बाई. तिघांचं आयुष्य वेगळं, टोमण्याची चाल एकच.

त्या चालीत दोन गोष्टी एकमेकींना चिकटून येतात. एक असते सूचना: ‘गणिताला वेळ पुरला नाही’. दुसरा असतो निकाल: ‘तू नालायक आहेस’. सूचनेत बहुतेक वेळा काहीतरी तथ्य असतं, म्हणूनच निकालही खरा वाटतो. टोमण्याशी वाद घालणारे लोक सूचनेसकट सगळंच नाकारायला जातात आणि हरतात. मान्य करणारे निकालासकट सगळंच गिळतात. दोन्ही सोडून ही जोडी सोडवायला शिकायचं. हे काम वहीत होतं, डोक्यात होत नाही.

आधी एक आठवडा फक्त टिपून ठेवायचं, सुधारायचं काही नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक यांच्या १९६०च्या दशकातल्या कामापासून मानसोपचारात ‘आपोआप येणारे विचार’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. प्रसंग आणि भावना यांच्या मधल्या क्षणात एक वाक्य चमकून जातं. आपल्याला फक्त नंतरची उदासी कळते, वाक्य निसटतं. म्हणून विचार शोधत बसू नका, शरीराकडे लक्ष ठेवा. कान तापले, छातीत दडपण आलं, जबडा आवळला, पोटात खड्डा पडला की स्वतःला विचारायचं, ‘आत्ता काय म्हणालो मी मला?’ आणि मोबाईलच्या नोट्समध्ये वेळ, जागा आणि ते वाक्य लिहून टाकायचं. दिवसाला तीन नोंदी पुष्कळ झाल्या.

वाक्य जसं आलं तसंच लिहायला हवं. ते गावाकडच्या बोलीत आलं तर त्याच बोलीत, शिवी असेल तर शिवीसकट. ‘मला स्वतःबद्दल नकारात्मक वाटलं’ असं सभ्य करून लिहिलं की हाताशी काहीच लागत नाही. ‘बावळट कुठली, सगळ्यांसमोर शोभा करून घेतलीस’ असं लिहिलं तर त्यावर काम करता येतं. आठवड्याच्या शेवटी पाहिलं तर बहुतेकांच्या वहीत वेगळी वाक्यं मोजकीच निघतात. पुन्हापुन्हा तीच येत असतात.

मग त्यातलं एक वाक्य घेऊन तक्ता करायचा. शंभरपानी वही आडवी धरा आणि सात रकाने आखा: प्रसंग, भावना आणि तिला शून्य ते शंभरात गुण, मनात आलेलं वाक्य, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, नवं वाक्य, आणि शेवटी भावनेला पुन्हा गुण. वेळ पंधरा मिनिटं, गजर लावून.

अभ्यासिकेतल्या मुलाचंच उदाहरण भरून पाहू. प्रसंग: रविवारची टेस्ट, शंभरपैकी ४७. भावना: शरम ८५, भीती ७०. वाक्य: ‘तू पास होणारच नाहीस, आईबाबांचे पैसे उधळतोयस.’ ही दोन वाक्यं आहेत, ती वेगळी लिहायची. एका वेळी एकच घ्यायचं, म्हणून आज पहिलं. बाजूचा पुरावा: ४७ गुण, आणि गणिताच्या १४ प्रश्नांना हातच लागला नाही. इथे ‘माझी कुवतच नाही’ असं लिहायचा मोह होतो. ते पुरावा नाही, तोच निकाल दुसऱ्या शब्दांत आहे. कॅमेऱ्यात टिपता येईल किंवा उत्तरपत्रिकेत दाखवता येईल तेवढाच पुरावा. विरुद्धचा पुरावा: मागच्या टेस्टला ४१ होते; इतिहास आणि राज्यघटनेचे बहुतेक प्रश्न बरोबर आहेत; आणि राहिलेले १४ प्रश्न न येणारे नव्हते, वेळ संपल्यामुळे राहिले.

आता नवं वाक्य. ‘मी नक्की पास होईन’ हे चालणार नाही, कारण ते त्याला स्वतःलाच पटणार नाही. पटेल असं वाक्य साधारण असं: ‘या रविवारी ४७ पडले. एका तासात शंभर प्रश्न असतात आणि मी गणित शेवटी घेतो, म्हणून ते राहतं. पुढच्या टेस्टला पहिली वीस मिनिटं गणिताला.’ या वाक्यावर किती विश्वास बसतो, त्यालाही गुण द्यायचे. ५० च्या खाली आले तर वाक्य गोडगोड झालंय, पुन्हा लिहायचं. शेवटच्या रकान्यात शरम ८५ वरून ५० वर आलेली दिसेल, भीती कदाचित ७० ची ६० च राहील. ते बरोबरच आहे. परीक्षेची भीती खऱ्या अनिश्चिततेची असते आणि ती कोणत्याही तक्त्याने जात नाही. शरम मात्र निकालातून आलेली असते, म्हणून निकाल ढिला झाला की ती उतरते. सगळं शून्यावर आलं पाहिजे म्हणून तक्ता भरणारे तिसऱ्या दिवशी वही बंद करतात.

हे सात रकाने जमले की मी आठवा एक जोडायला सांगेन: ‘मग मी काय केलं?’ या उदाहरणात उत्तर असं येईल: आईचा फोन उचलला नाही, मेसला गेलो नाही, टेस्टची उत्तरतालिका उघडलीच नाही. टोमण्याची खरी किंमत इथे दिसते. ज्या १४ प्रश्नांकडे बघायची गरज होती, तेच बघायचे टाळले गेले.

तक्ता बिघडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. विचाराच्या रकान्यात प्रश्न लिहिला जातो: ‘माझंच असं का होतं?’ प्रश्नाचा पुरावा तपासता येत नाही. त्याचं विधान करा: ‘माझ्यातच काहीतरी खोट आहे.’ हे वाचायला बोचतं, पण आता त्याला हात घालता येतो. काही जण रात्री एक वाजता वही उघडतात. झोप अपुरी आणि पोट रिकामं असताना पुराव्याचे दोन्ही रकाने एकाच बाजूला झुकतात. अकरानंतर फक्त वाक्य टिपायचं आणि तक्ता सकाळी भरायचा. आणि पुष्कळ जण हे सगळं ‘मनातल्या मनात’ करतात. त्याला तक्ता भरणं म्हणत नाहीत, ते उगाळणंच असतं.

वाक्यातल्या काही शब्दांखाली लाल रेघ ओढायची सवय लावा: ‘कधीच’, ‘नेहमीच’, ‘काहीच’, ‘झालंच पाहिजे’. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत या ‘पाहिजेच’वरच बोट ठेवते. मला यश मिळावं ही इच्छा निरोगी आहे. मिळालंच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल, हा हट्ट आजारी पाडतो. इच्छा सोडायची नाही, हट्ट तेवढा सोडायचा. वाक्य पुन्हा लिहिताना नुसता ‘च’ काढून वाचलं तरी फरक पडतो.

आता सगळ्यात चिवट अडचण. तक्ता येतो, पटतो, तरी माणूस टोमणा सोडायला तयार नसतो, कारण आत एक समजूत घट्ट बसलेली असते: ‘स्वतःला ओरडलो नाही तर मी आळशी होईन.’ आपल्याकडे ती घरातून, शाळेतून येते. ‘हुशार आहे, पण अभ्यास करत नाही’ हे ऐकत मोठी झालेली माणसं पुढे तेच वाक्य स्वतःला ऐकवतात आणि त्याला शिस्त म्हणतात. म्हणून या समजुतीला नुसती समजूत म्हणून सोडून न देता तपासायला हवं.

तपासलंही गेलंय. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेच्या आधी अभ्यास टाळल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी कमी टाळाटाळ केली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की एका कठीण चाचणीत अपयश आल्यावर ज्यांना स्वतःकडे समजुतीने बघायला सांगितलं होतं, ते पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यासाला बसले. कारण सरळ आहे. शरम आली की माणूस शरमेच्या कारणापासून पळतो, आणि इथे कारण म्हणजे अभ्यासाचं पुस्तकच असतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांची मांडणी अशी की स्वतःवरचा हल्लाही आपली धोक्याची यंत्रणा जागी करतो. त्या अवस्थेत पळणं, भांडणं किंवा गोठून जाणं सुचतं, शिकणं सुचत नाही.

तरी पटत नसेल तर स्वतःवर प्रयोग करा. एक आठवडा नेहमीसारखं रागावून काम करा आणि रोज किती तास खरंच काम झालं ते लिहा. दुसरा आठवडा चूक झाली की फक्त एवढंच: काय चुकलं, आता पुढचं पाऊल कोणतं. पुन्हा तास लिहा. आकडे समोर ठेवून मग ठरवा.

टोमणा दाबून टाकायचा प्रयत्न मात्र करू नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तरी अस्वल येतच राहिलं. नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर ते आधी न दाबणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा आलं. आरशासमोर ‘मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे’ असं घोकण्याचंही तसंच. २००९ च्या एका प्रयोगात असं वाक्य म्हटल्यावर आधीच स्वतःबद्दल कमी वाटणाऱ्यांना आणखी वाईट वाटलं, कारण मन लगेच ‘कुठे?’ म्हणून उलट पुरावे काढतं. ज्याला या वाक्याची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच ते बाधतं, म्हणून हा सल्ला सरसकट देणाऱ्यांचा मला राग येतो.

भर गर्दीत, वही हाताशी नसताना, दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, स्वतःशी नाव घेऊन बोलायचं, घरात हाक मारतात ते नाव. ‘मी का अशी?’ ऐवजी ‘अगं मीनू, तुला आत्ता नक्की काय खटकलं?’ मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की असं बोलल्याने भाषणासारख्या ताणाच्या प्रसंगात लोक स्वतःला जास्त चांगलं सावरतात. यात सूर महत्त्वाचा. नाव घेऊन पुन्हा झापलंच तर फायदा शून्य. दुसरी, टोमण्यातला सगळ्यात बोचरा एकच शब्द, समजा ‘नालायक’, तो घरी दार लावून मोठ्याने, भरभर, तीसेक सेकंद सलग म्हणायचा. शब्दाचा नुसता आवाज उरतो आणि धार बोथट होते. तो खोटा ठरवायची गरज पडत नाही. पण हा उपाय ताज्या दुःखावर किंवा कुणी खरोखर छळ करताना वापरलेल्या शब्दावर एकट्याने करू नये.

टोमण्याचा सूर कुणाचा आहे, हे बऱ्याच जणांना वही भरताना कळतं: वडिलांचा, एखाद्या शिक्षकांचा, मोठ्या जावेचा. ओळख पटली की ‘हे माझं मत नाही, मी ते उचललंय’ एवढं कळतं आणि ते पुरेसं आहे. तिथून पुढे महिनोन् महिने त्यांच्याशी मनात भांडत बसलं तर नवं उगाळणं सुरू होतं.

वहीने भागत नाही अशाही वेळा असतात. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप किंवा भूक बिघडली आहे, कामं अडली आहेत, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. टोमणा आपल्याच विचारासारखा न वाटता बाहेरून कुणी बोलल्यासारखा कानावर पडत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे लगेच. ‘मी नसलेलीच बरी’ असं वाटत असेल तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि एकटं राहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. पुण्यात ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पहिल्या भेटीला वही सोबत न्या. ‘काय होतंय?’ या प्रश्नापुढे माणूस गप्प होतो, तेव्हा चार भरलेली पानं पुढे करता येतात.

घरच्यांसाठीही थोडं. कुणी ‘मी अगदी बिनकामाची आहे’ म्हणालं की आपण घाईने ‘छे गं, तू किती हुशार!’ म्हणतो. हेतू चांगला, पण तिला वाटतं हिने ऐकलंच नाही, आणि ती आणखी पुरावे देऊ लागते. त्यापेक्षा ‘आज काय झालं गं?’ असं विचारा. ती निकाल सांगत राहील, तुम्ही शांतपणे प्रसंगाकडे आणत राहा: कधी, कोण काय म्हणालं, मग तू काय केलंस. प्रसंग पूर्ण सांगून होईपर्यंत सल्ला देऊ नका, आणि ‘तुला आत्ता सल्ला हवाय की नुसतं ऐकू?’ हे विचारल्याशिवाय नंतरही नको.